तारांखालचं फडकं

४ जून

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत कॅसेट आहे. मामीला आधी ऐकवू नका. ती कौतुक करेल आणि मग तुम्हाला खरं बोलायचा संकोच वाटेल.

इथल्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात गिटारची जागा निघाली आहे. ऑगस्टमध्ये चाचणी. आपल्या पसंतीची एकच रचना वाजवायची. तुम्ही शिकवलेली ती संथ रचना मी निवडली आहे, फक्त जरा जलद घेते.

चष्म्याच्या दुकानाचे मालक पूर्ण दिवस ये म्हणताहेत. सध्या दुपारनंतर जाते, म्हणून सकाळ रियाजाला मिळते. त्यांना ऑगस्टअखेर उत्तर हवं आहे. जागा मिळाली नाही तर मी हो म्हणणार. दिवसभर काचा घासून आल्यावर गिटार हातात घेणारी मी नाही, हे तुम्ही जाणताच.

खालच्या खोलीत एक नर्स राहते. रात्रपाळी करून सकाळी झोपते. तिची झोपमोड नको म्हणून वर्षभर मी तारांखाली फडक्याची घडी सरकवून वाजवते आहे. दुकानातलं काचा पुसायचं मऊ फडकं. आवाज अगदी दबतो. बोटं मात्र कशी पळतात ते ऐकाच.

लोभ आहे, तो कॅसेट ऐकल्यावरही राहू द्या.

तुमची
खारूताई

१२ जून

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कॅसेट मामीनेच आधी ऐकली. तिला अडवणारा अजून जन्माला यायचा आहे. पोरगी बापासारखी घाईची आहे, एवढंच म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

मी दुरुस्तीला आलेली वाद्यं बाजूला सारून ऐकली. बोटं पळतात, खरं आहे. तरुणपणी माझी इतकी पळत नव्हती. पण तुझी गिटार ऐकू येत नाही, तुझी बोटं ऐकू येतात.

एक कर. फडकं काढ आणि पहिलं पान वाजव. कॅसेट पाठवू नकोस. काय ऐकू आलं ते लिही.

तुझ्यावर रागावलेला नाही. अजून तरी.

मामा

२० जून

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फडकं काढलं. नर्स गावाला गेली होती, तो दिवस साधला.

चिखल झाला, मामा. प्रत्येक सूर पुढच्यात सांडत होता. खर्जाची तार पुढच्या ओळीतही घुमत राहायची. बोट उचललं की मोकळी तार आपणहून बोलायची. जितकी जलद वाजवू तितकी दलदल. वर्षभर मी हे ऐकलंच नव्हतं. फडकं सगळं गिळत होतं.

गिटार खाटेखाली सारली आणि कामावर गेले. मालकांना हो सांगणारच होते, पण एक गिऱ्हाईक आलं आणि राहून गेलं.

खरं सांगा. दोन महिन्यांत होण्यासारखं आहे का हे?

तुमची
खारूताई

२६ जून

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी गिटार खाटेखालून काढ. तिथे ओल असते.

सूर सुरू करायला तू शिकलीस. संपवायला शिकली नाहीस, कारण ते काम फडकं करत होतं. आता ते तुझ्या हातांना शिकव. उजव्या हाताचा अंगठा नुकत्याच वाजलेल्या तारेवर परत टेकव. डाव्या हाताचं बोट लगेच उचलू नको, आधी सैल सोड. एक ओळ घे. प्रत्येक सूर कुठे संपायला हवा ते आधी गाऊन ठरव, मग वाजव. इतकं हळू की तुझी तुलाच चीड यावी.

होईल की नाही हे मला ठाऊक नाही. पण आज तुला आपली चूक ऐकू येते आहे. पंधरवड्यापूर्वी येत नव्हती. हे थोडं नाही.

आणि त्या नर्सशी बोल. वर्षभर एका छताखाली राहून तिला एकदाही विचारलं नाहीस, हे मामीला फार लागलं आहे.

तुझा
मामा

१८ जुलै

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

नर्सला विचारलं. कुठे तोंड लपवू असं झालं.

गिटारने तिची झोप कधीच मोडली नाही. मोडली ती माझ्या पायाने. मी चपला घालून जमिनीवर ठेका धरते ना! तिला वाटायचं, वर कुणीतरी खोकी ठोकतं आहे. बिचारी वर्षभर उशी कानावर घेऊन झोपली. आता मी अनवाणी वाजवते, फडक्याविना. ती दार उघडं टाकून झोपते.

हळू वाजवते आहे. पहिल्या आठवड्यात खरंच चीड आली. मग अंगठा आपणहून परतू लागला. ओळी सुट्या झाल्या. आता मूळ संथ लयीतच घेते, घाई करावीशी वाटत नाही.

परवा नर्स म्हणाली, मधे एके ठिकाणी सगळं थांबतं तिथे तिला जाग येते आणि पुढचं येईपर्यंत ती श्वास धरून पडून राहते. मी ती जागा नीट पाहिली. खर्ज संपतो आणि वरचा सूर यायचा असतो, त्यामधली. तिथे आता मी काहीच करत नाही. थोडं जास्तच काही करत नाही. बरोबर आहे का, माहीत नाही. मला आवडतं.

मामीला सांगा, नर्सला जेवायला बोलावलं आहे.

तुमची
खारूताई

२२ ऑगस्ट

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

जागा मिळाली.

माझ्या आधीचे दोघे माझ्या दुप्पट जलद होते. त्या दालनात आवाज फार घुमतो. त्यांचं सगळं छतापाशी जाऊन एकमेकांत अडकलं. मी बसले, चपला काढल्या. पहिला सूर संपवला आणि कळलं, आज हात माझे आहेत. त्या जागेपाशी आले आणि थांबले. वाद्यवृंदाचे प्रमुख काहीतरी लिहीत होते. त्यांची पेन्सिलही थांबली. मी आणखी थांबले, मामा. भीती नव्हती. सगळे माझ्या पुढच्या सुराची वाट पाहत होते आणि तो माझ्याकडे होता.

संपल्यावर त्यांनी विचारलं, सोमवारपासून येता येईल का.

दुकानाच्या मालकांना नकार कळवला. त्यांनी हसून वाद्यवृंदातल्या सगळ्यांचे डोळे तपासून घ्यायला सांगितलं.

तुमची
खारूताई

३० ऑगस्ट

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मामीने मोठ्याने वाचलं. दुकानात एकजण व्हायोलिन घेऊन आला होता, त्यालाही पहिल्यापासून ऐकावं लागलं.

तुझी ती जागा मी आज सकाळी वाजवून पाहिली. उभी हयात ती रचना वाजवली, पण तिथून नेहमी पुढे निघून गेलो. आज थांबायला गेलो तर हात आधीच सुटला. पुन्हा केलं, पुन्हा सुटला. मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, नाही जमत.

त्या वेळी मनात काय धरतेस, खांदा कुठे असतो, श्वास आत असतो की बाहेर, सगळं सविस्तर लिही. समजेल असं, पायरीपायरीने. मी रोज सकाळी बसेन.

मामा