जन्माचा कागद

३ जून १९९६
पोचले. दोन खोल्यांचं घर, खिडकीबाहेर पाइनची झाडं. सामान उतरवायच्या आधीच दारात तीन बायका उभ्या: हकलबेरी या रानफळाचा मुरांबा, एल्क हरणाचं मांस, अंडी घेऊन. खोऱ्यात अकरा वर्षांनी सुईण आली म्हणून. मिसूला शहरातल्या दवाखान्यात वीस वर्षं काढली, पण असं कुणी वाट बघत नव्हतं. ऑरिनचं दुकान हेच इथलं टपाल, आणि इथल्या लोकांनी स्वतःच उभारलेल्या फौजेचा सेनापतीही तोच. माझ्या गाडीकडे बघून म्हणाला, सुईणबाई, आमच्या घोड्यांना नंबरपाटी नाही, तरी बिचारे घरी पोचतात. मी खूप हसले.

९ जून
रविवारची कवायत. हिरव्या कपड्यांतले तीस पुरुष, मैदानाच्या कडेला आम्ही बायका बटाट्याचं सॅलड कालवत. परदेशी फौजा कॅनडाकडून उतरणार, बंदुका काढून घेणार, हे पहिल्या दिवशी अंडी घेऊन आलेल्या विल्मानं हवामान सांगावं तसं सांगितलं. तेवढ्यात वनखात्याचं हेलिकॉप्टर गेलं. मुलं न सांगता टेबलाखाली गेली. एकही रडलं नाही. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

११ जून
पहाटे लेटाला मुलगा झाला. नाव ठेवलं आसा. वीस वर्षांची पोरगी, ओठ चावून सगळं सोसलं. तिचा नवरा डेल बाहेर लाकडं फोडत होता, बाळ रडल्यावर कुऱ्हाड टाकून खाली बसला. घरी येऊन सवयीनं जन्मनोंदणीचा कागद भरला आणि पाकिटात घालून दुकानातल्या टपालपेटीत टाकला.

१३ जून
ऑरिन आला. टोपी हातात, माझं पाकीट फोडलेलं. चिडला नव्हता. समजावत राहिला की वासराच्या कानात बिल्ला मारतात तसा हा कागद असतो. यानं पोर सरकारच्या मालकीचं होतं. उद्या सभागृहात माझ्यावर न्यायसभा. मला हसू आलं. त्याला नाही.
बाळाचा चेहरा पिवळसर वाटला. लेटाला म्हटलं, कोवळ्या उन्हात धर, सारखं पाज.

१४ जून
बारा पंच. त्यांतल्या दोघींचा रक्तदाब मी परवाच तपासला होता. विल्मानं निकाल वाचला: देशद्रोह. शिक्षा ऑरिन ठरवेल, तोवर मी खोरं सोडायचं नाही. मग माझा दंड धरून तिनं विचारलं, अगं, जेवायला येतेस ना, ॲपल पाय केलाय.
घरी आले तर गाडीतली बॅटरी काढलेली. फोन मुका.
बाळ आता छातीपर्यंत पिवळं.

१५ जून
तळपाय पिवळे. दूध ओढत नाही. चिमटा काढला तरी नीट रडत नाही.
डेलला सांगितलं, तासाभरावर दवाखाना आहे, दिव्याखाली दोन-तीन दिवस ठेवतील. उशीर झाला तर कावीळ मेंदूवर जाईल, नाहीतर जीवच. तो म्हणाला, नाव विचारतील, सरकारी नंबर देतील, मग पोर परत देणार नाहीत. डोळे भरले होते त्याचे. प्रेम आहे. म्हणूनच मला त्याची भीती वाटते.
ऑरिन म्हणे, मीही पिवळाच जन्मलो होतो बाई, बघा केवढा झालो.
माझ्या पायरीवर आता एक माणूस बसवलाय. मांडीवर बंदूक. मला ताई म्हणतो.

१६ जून, रविवार
सकाळी ९. पायरीवरचा माणूसही कवायतीला गेला.
९.४०. मागच्या दारानं लेटा आली. बाळ शालीत. एवढंच म्हणाली — ताई, त्याला नंबर देऊ देत. हजार देऊ देत.
डेलचा ट्रक झाडीमागे आहे. ती चालू करायला गेली. बाळ माझ्या डाव्या हातावर. मान टाकतंय. श्वास आहे —
ट्रक घुरघुरला. बंद पडला. पुन्हा —
मैदानावरची शिट्टी थांबली. आरोळ्याही. का थांबल्या —
आम्ही पोचलो नाही तर कुणीतरी हे वाचावं म्हणून. दहा वाजून पाच मिनिटं. बाळ जिवंत आहे. आईनं स्वतः ते माझ्या हाती दिलं. मी पळवलेलं —