बोर्डिंगचा भटारखाना आणि शुक्रवारची मुलं

बाबा, आज शुक्रवार आहे. दुपारचे तीन वाजून गेलेत आणि दाराबाहेर एकही चप्पल नाही. नऊ वर्षं या वेळेला मला माझ्याच घरात शिरताना पायानं चपला बाजूला साराव्या लागत. गेल्या आठवड्यात, दर शुक्रवारी इथे प्रार्थनेला जमणाऱ्या मुलांना चर्चच्या आवारात स्वतःचा हॉल मिळाला. आता ती पन्नासच्या वर झालीत, आमच्या हॉलमध्ये मावत नाहीत. चांगलंच झालं म्हणायचं. तुमचा नातू सुट्टीला आलाय. मघाशी म्हणाला, "मॉम, इट्स सो क्वाएट," आणि कानाला हेडफोन लावून आपल्या खोलीत गेला. म्हणून मी वही काढून टेबलाशी बसले. तुम्ही गेलात तेव्हा मी हा देश नकाशातसुद्धा पाहिला नव्हता, तेव्हा आधी कुठून लिहितेय ते सांगते. दुबई. बर दुबईतल्या कापडाच्या दुकानांमागची एक जुनी इमारत, तिसरा मजला. शेजारणीनं चादरी वाळत घातल्या नसतील तर खिडकीतून खाडीच्या पाण्याची एक पट्टी दिसते, आणि तिच्यावरून माणसं भरभरून नेणाऱ्या होड्या.

इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून उपासनाही शुक्रवारीच. चर्चचं आवार एकच, आणि त्यात दुनियेच्या भाषा पाळीपाळीनं देवाशी बोलतात. सकाळी इंग्रजी, मग मल्याळम, तमिळ, उर्दू, दुपारनंतर फिलिपिनो. तुम्हाला फार आवडलं असतं ते. जूनमधल्या एका शुक्रवारी आम्ही बाहेर पडत होतो. कुंपणाच्या भिंतीला सावलीची एक हातभर पट्टी उरली होती, आणि तिच्यात पंधरा-वीस चिनी मुलंमुली मांडीवर पुस्तकं घेऊन ओळीनं उभी होती. बसली असती तर पाय उन्हात गेले असते. सावली सरकली की सगळी ओळ एक पाऊल सरके. त्यांच्यातला एक मुलगा खाडीपलीकडच्या देऱ्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात होता. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून हिंदी शिकला होता. मी विचारलं तर म्हणाला, "आंटी, हॉल चार बजे मिलेगा. इन्शाल्ला." तेव्हा एक वाजला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "मेरे घर चलो."

गाडीत नवऱ्यानं विचारलं, "तुला त्यांची भाषा येते?" मी म्हटलं, नाही. "मग बोलणार काय?" म्हटलं, चहा देईन. तो मंगळूरचा आहे, बाबा, कोंकणी बोलणारा. मुंबईत आमच्या ऑफिसात भेटला, तुमच्यानंतर तीन वर्षांनी. आम्ही घरात इंग्रजीच बोलतो. तो पोर्टवर शिफ्टमध्ये काम करायचा, त्यामुळे बरेचसे शुक्रवार मी आणि ती मुलंच असायचो.

पहिल्या दिवशी सतरा जण आले. खालच्या वॉचमननं विचारलं, "मॅडम, पार्टी?" मी म्हटलं, मेहमान. चहा झाला, बिस्किटं झाली, आणि मग कुणालाच काय करावं सुचेना. तेव्हा तो हिंदीवाला मुलगा आपला सौजन्यानं विचारायला लागला. आंटी कुठल्या गावची, घरात कोण कोण, आणि मग, "आंटी का पापा क्या करता था?" मी म्हटलं, "स्कूल में थे." हे उत्तर मी इतकी वर्षं देत आले होते की ते जिभेवर तयारच असायचं. खोटं नव्हतं ते. मिशनच्या शाळेच्या बोर्डिंगात तुम्ही होताच की. नवऱ्याला हेच सांगितलं होतं, सासूबाईंनाही. ऐकणारा उरलेलं आपल्या मनानं भरून घेई. त्या मुलानं वळून सगळ्यांना सांगितलं. त्यात एक शब्द होता, लाओशी. तो ऐकताच जमिनीवर बसलेली ती सतरा मुलं जराशी उठल्यासारखी झाली आणि माझ्याकडे पाहून त्यांनी माना लववल्या. "लाओशी, टीचर," तो मला म्हणाला. "बहोत इज्जत." मी हसले. चहाचे कप गोळा करायला उठले.

पुढे दर शुक्रवारी प्रार्थनेच्या शेवटी ती मुलं या घराचे आभार मानत, आणि त्यात तुम्ही असायचात. त्यांच्या अख्ख्या भाषेतला मला ओळखू येणारा तो एकच शब्द. पडदे ओढलेले, एसीची घरघर, कुणीतरी हळू आवाजात वाचतंय, आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीत अर्धवट पेंगतेय. न कळणारी भाषा ऐकत राहिलं ना बाबा, तर ती पाण्यासारखी होते. मी तिच्यात बुडून जायची, आणि कुठेतरी खाली बोर्डिंगचा भटारखाना असायचा. तुम्ही मोठ्या पातेल्यावर वाकलेले. वाफेत तुमचा चेहरा दिसत नाही, नुसते कोपरापर्यंत पिठानं पांढरे झालेले हात दिसतात. सव्वाशे पोरांच्या भाकरी. मी दारात उभी आहे, तुम्ही मला पाहिलेलं नाही, आणि मी हाक मारणार इतक्यात वरून कुणीतरी म्हणे, लाओशी, आणि मी जागी होई.

त्या शब्दानं मी नेहमी शाळेच्या फाटकाशीच जागी होई. नववीत होते. डॉक्टरसाहेबांची मुलगी नुकतीच माझी मैत्रीण झाली होती. आम्ही दोघी फाटकाशी उभ्या, आणि तुम्ही डबा घेऊन आलात. बनियनवर हळदीचे डाग, खांद्यावर ओलं फडकं. तिनं विचारलं, "कोण गं हे?" मी म्हटलं, "बोर्डिंगातला माणूस आहे." तुम्ही चार पावलांवर होता. तुम्ही ऐकलंत. जवळ येऊन डबा पुढे केलात आणि म्हणालात, "ताई, तुमचा डबा." ताई. तुमचा. मला लपवायला तुम्ही मला मदत केलीत, आणि आल्या वाटेनं परत गेलात. त्याबद्दल घरी अवाक्षर काढलं नाहीत. मी मात्र तो डबा तसाच परत आणला होता. संध्याकाळी तुम्ही तो उघडलात, शिळी भाकरी स्वतःच्या ताटात घेतलीत आणि एवढंच म्हणालात, "अन्नाची लाज धरायची नसते, पोरी. माणसाची धरलीस तरी चालेल." आयुष्यात तुम्ही मला रागावलात ते हे एवढंच. रागावणं तरी कसं म्हणू.

या शुक्रवारच्या मुलांत दुसऱ्या वर्षी एक मुलगी यायला लागली. शारजाच्या हद्दीतल्या हमरियाच्या फ्री झोनमध्ये कपडे शिवायची फॅक्टरी होती. तिथल्या पाच जणी कंपनीच्या बसनं यायच्या आणि सातला त्याच बसनं परत जायच्या. ही सगळ्यांत लहानखुरी, बावीस-तेवीसची, बोटांना सुयांचे टोचे. सोफ्यावर कधी बसली नाही. आली की सरळ स्वयंपाकघरात. एकदा तिनं माझ्या हातातून लाटणं घेतलं आणि कणकेच्या पाऱ्या लाटून, आत कोबी आणि मटण भरून, आपल्या नाताळच्या करंज्यांसारखं काहीतरी केलं, पण उकडून. मी तिला आपली मुरड घालून दाखवली. तिनं ती निरखून पाहिली, उलगडली, आणि माझ्या दुप्पट वेगानं परत घातली. दोघी हसलो. आमच्यात भाषा नव्हतीच. ती म्हणे "आंटी", मी म्हणे "हं". वर्षभर आमचं एवढंच बोलणं, आणि ते पुरायचं.

मग दोन शुक्रवार ती आली नाही. बरोबरच्या मुलींनी सांगितलं, तिचे वडील वारले. कंपनीनं सुट्टी दिली नाही, ऑर्डर पुरी झाल्यावर जा म्हणाले. तोवर मातीही होऊन गेली होती. तिसऱ्या शुक्रवारी ती आली ती स्वयंपाकघरात गेलीच नाही. दाराशी भिंतीला टेकून बसली. मुलांनी ठरवलं, आज तिच्या वडिलांसाठी प्रार्थना करायची, आधी तिनं त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायचे. ती उभी राहिली. मग बोलायला लागली ती थांबेना. तो मुलगा माझ्या कानाशी हळूहळू सांगत होता.

"इसका पापा ईंट का भट्टी में काम. पढना नहीं आता. ये लेटर नहीं लिखती थी. लेटर आएगा तो पडोसी पढके सुनाएगा, सब को मालूम पडेगा, बाप अनपढ. इसको शरम. तीन साल एक भी लेटर नहीं." तेवढ्यात तिनं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणाली, आणि त्यात तो शब्द होता. मुलानं तेही सांगितलं. "बोलती है, आंटी नहीं समझेगी. आंटी का पापा टीचर."

बाबा, तिथे मला गप्प बसता आलं असतं. डोक्यावरून हात फिरवून पाणी दिलं असतं तरी सगळे म्हणाले असते, आंटी किती प्रेमळ. पण ती पोर त्या भिंतीशी एकटी उभी होती, आणि तिला एकटं पाडणारी मी होते. मी म्हटलं, "उसको बोलो, मेरे पिताजी टीचर नहीं थे. बोर्डिंग में खाना पकाते थे. मैंने झूठ बोला. मुझे भी शरम आती थी."

तो माझ्याकडे वळला. तीन वर्षं प्रार्थनेत त्यानंच तो शब्द उच्चारला होता. "आंटी, पक्का? ये बोलूँ?"

"बोल."

त्यानं सांगितलं. त्यांच्या भाषेत ते फार थोडक्यात होतं, दोन श्वासांत संपलं. मी खाली पाहत होते. कुणी उठून जाईल, कुणी हसेल, असलं काहीबाही मनात येत होतं. मग तिचा आवाज आला, रडून बसलेला. मुलगा म्हणाला, "आंटी, ये पूछती है, क्या पकाते थे?"

काय पकवायचात! चाळीस वर्षांच्या माझ्या आयुष्यात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगायला लागले. बाजरीच्या भाकरी, हुलग्याचं माडगं, नाताळला मटणाचा रस्सा, तापकऱ्या पोरासाठी वेगळी मऊ खिचडी, आणि कुणाच्या आईचं पत्र आलं नाही की त्या पोराच्या ताटात गुपचूप वाढलेला गुळाचा खडा. मी माझ्या मोडक्या हिंदीत, तो त्याच्या मोडक्या हिंदीतून चिनीत. त्यातलं काय पोचलं देव जाणे. पण सगळे जण कान देऊन ऐकत होते, आणि ती भिंत सोडून हळूहळू पुढे येत माझ्या खुर्चीच्या पायाशी येऊन बसली होती. मग मी फाटकाशी काय झालं तेही सांगितलं. ते आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तिनं माझ्या पायावर हात ठेवला. त्या दिवशी त्यांनी दोन माणसांसाठी प्रार्थना केली, एक भट्टीवरचा आणि एक भटारखान्यातला. तुमच्यासाठी कोणता शब्द वापरला ते मला कळलं नाही. नवा होता.

करार संपल्यावर ती घरी गेली. तिचं एकच पत्र आलं, कुणाकडून तरी शिकून लिहिलेल्या इंग्रजीत, चार वाक्यांचं. आंटी, मी पोचले. घर थंड आहे. आई म्हातारी झाली. मी स्वयंपाक करते. त्यानंतर काही कळलं नाही. तो हिंदीवाला मुलगा आता देऱ्यात स्वतःचं दुकान चालवतो. नवीन हॉलचं सगळं तोच बघतो. परवा सामान न्यायला आला तेव्हा म्हणाला, "आंटी, शुक्रवार को आना. आपका कुर्सी भी ले जाता हूँ." मी खुर्ची दिली नाही.

त्या प्रार्थनेच्या दिवशी संध्याकाळी घरातही सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं. नवरा ड्युटीवरून दमून आला, जेवून झोपला. मुलाची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. मग ते राहिलं. राहतच गेलं.

आत्ताच तुमचा नातू पाणी प्यायला बाहेर आला होता. माझ्या खांद्यावरून त्यानं वहीत डोकावून पाहिलं. त्याला मराठी वाचता येत नाही, त्याच्या वडिलांनाही नाही. या घरात हे वाचू शकणारी मी एकटीच, म्हणून तर इतकं लिहिता आलं.

"हू आर यू रायटिंग टू?"

"तुझ्या आजोबांना. माझ्या बाबांना."

"ओह. द टीचर?"

मी हो म्हटलं, बाबा.