हात की गाडी

प्रिय कृष्णात,

रागातच लिहायला बसलेय, म्हणून खुशाली नंतर विचारते. फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सगळं चिडीचूप. म्हटलं, कागद तरी हातात घेशील. पोस्टाने पाटणला, तुझ्या आईच्या पत्त्यावर पाठवतेय.

माझं तसं ठीक चाललंय. अंकुशला जाऊन सहा महिने होतील. टीव्हीवर गाड्यांची शर्यत लागली की आवाज बंद करून बघते. बघवतही नाही आणि चॅनेल बदलवतही नाही. तुम्ही दोघं या एवढ्याशा स्वयंपाकघरात बसून किती डोकं खायचात रे माझं! ट्रॅकवर जिंकतं कोण, हात की गाडी? आठवडाभर न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर ओढून दमलेला माझा नवरा, रविवारी झोपायचं सोडून तुझ्याशी भांडायचा. त्याची शर्यतीची गाडी तू बांधलेली, आणि चालवणारा तो. म्हणायचा, गाडीला वळण कळत नाही, ते ड्रायव्हरला कळतं. तू म्हणायचास, दादा, हाताला ब्रेक नसतात. मी कांदा चिरता चिरता ऐकायचे आणि दोघांनाही वेड्यात काढायचे.

ती कार्टिंगची, त्या छोट्या शर्यतीच्या गाड्यांची पैज आठवते? अंकुशने मुद्दाम तिथली सगळ्यात भंगार कार्ट घेतली, एका बाजूला ओढणारी, आणि सगळ्यात चांगली तुला दिली. तरी तुला मागे टाकलं. मला वाटलं, मिटला एकदाचा वाद. पण तू कसला ऐकतोस! म्हणालास, यातून एवढंच कळलं की मला चालवता येत नाही. तोडीस तोड दोन ड्रायव्हर घ्या, मग गाडीच ठरवते. त्यावर तो इतका हसला की चहा शर्टावर सांडला. खरं सांगू? तेव्हा मला तुझं पटलं होतं. त्याच्यासमोर बोलले नाही, एवढंच.

आणि मग शर्यतीचा तो दिवस. सरळ पट्टा संपला, वळण आलं, आणि गाडी वळलीच नाही. कडेला रचलेल्या टायरच्या भिंतीत गेली. लोक म्हणाले, ब्रेक उशिरा मारला. ती त्याची खोडच होती, सगळ्यांच्या नंतर ब्रेक मारायची. तू मात्र अंत्यविधीच्या दिवशी माझे पाय धरलेस. वहिनी, ब्रेक मी बसवले होते, म्हणालास. मी गप्प राहिले कारण माझ्या तोंडून शब्दच फुटत नव्हता. तू भलताच अर्थ लावलास, मी तुलाच दोष देतेय असा. खांदेश्वरच्या गॅरेजचं शटर ओढलंस आणि निघून गेलास.

गाडी अजून आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली आहे. एक मेकॅनिक आला होता. ताई, उघडून अर्ध्या तासात सांगतो काय गेलं होतं ते, म्हणाला. मी हात लावू दिला नाही. भीती वाटली रे. ब्रेक गेलेले निघाले तर तू आयुष्यभर उभा राहणार नाहीस. ब्रेक धड निघाले, तर माझा माणूस एका वळणाच्या हौसेपायी मला टाकून गेला, असं म्हणावं लागेल. यातलं कुठलं सोसू, ते मला कळेना.

काल तुझ्या आईचा, गोजरामावशींचा फोन आला. तू गॅरेजची हत्यारं विकायला काढलीस म्हणून रडत होत्या. म्हणून हे पत्र. अरे शहाण्या, सगळं तुझ्या ब्रेकमुळे झालं म्हणतोस, म्हणजे गाडीच खरी, आणि अंकुश आत नुसता बसून होता? तो उत्तर द्यायला नाही, तर वाद जिंकून मोकळा झालास होय? असा फुकटात जिंकू देणार नाही मी तुला. त्याच्या बाजूने आता मी आहे. येत्या रविवारी हत्यारं घेऊन ये. ताडपत्री आपण दोघं काढू. गाडी तू उघड, मी शेजारी उभी राहते. काय निघायचं ते निघू दे. ब्रेक गेलेले निघाले तरी मी हातच म्हणणार, आणि तू खुशाल गाडी म्हण. मग वर चल, चहा टाकते. सहा महिने या घरात कुणी भांडलेलं नाही, कृष्णात.

वाट बघणारी, तुझीच
दीक्षावहिनी