कावळ्याला दिलेला शब्द आणि सदतीस रेकॉर्डी

पिपरी मेघे, वर्धा
सोमवार, दुपारचे जेवण आटोपल्यावर

चि. मधूभाऊजी यांना सुलोचनावहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमचा गुडघा कसा आहे? सौ. चारुताचे पित्त आता बरे असेल. तिला म्हणावे, आवळ्याचा रस सोडू नको आणि तुमचे बोलणे मनावर घेऊ नको. दोन्ही पित्तावर चांगले. माझी प्रकृती ठीक. रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे, वाचायला चष्मा पुरतो. या वयात कान जरा मंद होतात असे पुष्कळजणी सांगतात. माझे झाले नाहीत, आणि हे पत्र त्याच तक्रारीचे आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "हो वहिनी, हो वहिनी" म्हणत टीव्हीवरचा सामना पाहता. गडी बाद झाला की तुमचा "हो" लांबतो, हे माझ्या लक्षात आले आहे.

तर आठवण करून देते. गेल्या वर्षी यांच्या दहाव्याला आपण पवनारला धाम नदीच्या काठी दीड तास कावळ्याची वाट पाहत उभे होतो. कावळे नव्हते असे नाही. समोरच्या बाभळीवर अकरा होते (मी मोजले, दुसरे काही करण्यासारखे नव्हते). पण पिंडाला एकही शिवेना. मग यांची कोणती इच्छा राहिली असेल ते ज्याने त्याने ओळखून मोठ्याने शब्द द्यायला सुरुवात केली. हर्षाने शब्द दिला, आईला मी सांभाळीन. कावळ्यांनी माना फिरवल्या. (लेकीला त्याचे अजून वाईट वाटते. मी तिला म्हटले, कोण कोणाला सांभाळते ते बाबांना माहीत होते.) मी म्हटले, गोळ्या वेळेवर घेईन. काही नाही. सिंदीच्या काकांनी सांगितले की शेताच्या धुऱ्याचे, बांधाचे, भांडण मिटवतो. त्यावर एक कावळा उडूनच गेला, त्यालाही ते पटले नसावे. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेवढ्यात तुम्ही पुढे झालात, घड्याळ पाहिलेत (नागपूरची बस), आणि हात जोडून म्हणालात, "दादा, तुह्या सगळ्या रेकॉर्डी आमी ऐकू. एकबी सोडनार नाई." तुमचे वाक्य संपायच्या आत तीन कावळे खाली उतरले.

त्या "आमी"मध्ये कोण कोण होते, याचा मी वर्षभर विचार करते आहे. तुम्ही बसमध्ये बसलात, हर्षा विमानात बसली, आणि मागे उरलेले आम्ही म्हणजे मी एकटी. गुरुजींनी निघताना बजावले की दिलेला शब्द वर्षश्राद्धाच्या आत पुरा व्हायला हवा. पुरा झाला की वासुदेवराव मोकळे, नाही झाला तर ते इथेच अडकून राहतील. एवढे सांगून ते सायकलवर बसले.

जुन्या रेकॉर्डी यांनी स्वतः अनेकदा ऐकलेल्या, त्यामुळे गुरुजींनी त्यांची सूट दिली. राहिल्या त्या प्लॅस्टिकमध्ये बंद असलेल्या सदतीस. तुम्हाला ठाऊक आहे, देवळीच्या शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवून आणि रोजची बस करून हे निवृत्त झाले, आणि शेवटच्या दोन वर्षांत यांनी टपालाने रेकॉर्डी मागवायचा सपाटा लावला. तरुणपणी ज्यांबद्दल नुसते वाचले होते त्या आता पुन्हा निघू लागल्या आहेत, म्हणत. जॅझ, गोऱ्या साहेबांचे शास्त्रीय संगीत, डिस्को, सिनेमाचे संगीत, काही वर्ज्य नव्हते. (पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते कारण पहिली संपलेली असते. रेकॉर्डींचे उलटे दिसते. वेष्टनांवर मागे लिहिलेले असते त्यावरून, पहिली कोणी घेतली नाही म्हणून पन्नास वर्षांनी दुसरी काढतात, आणि लिहिणारा आपल्या सगळ्यांना त्याबद्दल रागावतो.) आलेली रेकॉर्ड हे पुसून, क्रमांक घालून कपाटात ठेवत. उघडत मात्र नसत. चांगला दिवस पाहून ऐकू, म्हणत. संक्रांत चांगली नव्हती, पाडवा चांगला नव्हता, दिवाळीत पाहुणे होते. शेवटी दिवस संपले आणि रेकॉर्डी राहिल्या.

प्रथम मी गुरुजींकडून नियम ठरवून घेतले. एक बाजू ऐकली तर अर्धे पुण्य लागते का? नाही. ऐकताना शेंगा सोलल्या तर चालेल का? हात कामात चालतील, मन नको. मोबाइलवर ऐकले तर? येथे गुरुजी अडले, कारण ते स्वतः सत्यनारायणाची कथा मोबाइलवर पाहून सांगतात. मीच निकाल दिला की शब्द रेकॉर्डींचा आहे. मग बाजारातल्या आपल्या त्या रेडिओ दुरुस्तीवाल्या ताराचंदला बोलावले. त्याने रेकॉर्डी वाजवायचे यंत्र उघडून धूळ झटकली, आतला पट्टा बदलला, आणि सुई कशी ठेवायची ते शिकवले. जाताना म्हणाला, "वहिनी, लय जपून ठेवजा. मास्तरांच्या मागं याले हात लावनारं कोनी नाई." मी म्हटले, मी आहे ना. त्यावर त्याने माझ्याकडे, मी शाळेच्या बसची चावी मागितल्यासारखे पाहिले.

सुरुवात जॅझने केली, कारण यांच्या क्रमांकात तेच पहिले होते. आंघोळ करून बसले. पहिली वीस मिनिटे मला वाटले, माणसे वाद्ये जुळवून घेत आहेत आणि गाणारा यायचा आहे. बाजू संपली तरी तो आला नाही. दुसरी बाजू लावली, तिथेही नाही. तिसऱ्या रेकॉर्डीला उलगडा झाला. भाऊजी, ती आपल्या घरची बैठक आहे. जे ठरायचे ते आधी एकदा सगळे मिळून सांगतात. मग प्रत्येक जण उठून तेच आपल्या परीने लांबवतो, बाकीचे मान डोलावतात, मध्ये एक जण भांडी आपटतो, आणि शेवटी सगळे मिळून पुन्हा पहिलेच सांगतात. तो मोठा पितळी बाजा लागला तेव्हा शेजारच्या कमलाबाई कुंपणावरून विचारत होत्या की कापसाच्या जिनिंगचा भोंगा आज अवेळी काऊन वाजून राह्यला. त्यांना मी सांगितले, यांचे कार्य चालू आहे. त्यांनी तिथूनच हात जोडले.

साहेबांचे शास्त्रीय फार शिस्तीचे आहे, पण फसवे. ते मध्येच थांबते. तुम्ही उठून चहा ठेवायला जाता, आणि मागून पन्नास माणसे एकदम तुमच्या अंगावर येतात. माझे दोन कप त्यात गेले. एका वेष्टनावर लिहिले होते (मी कोश घेऊन शब्दन् शब्द वाचते, तुमच्या दादांनी सातवीपास बायकोला लावलेली ती सवय) की या वादनात दुःखाचे उदात्तीकरण झाले आहे. मी ते दोनदा ऐकले. दुःख मला दिसले. उदात्तीकरण कोणत्या बाजूला आहे ते नीट लिहायला हवे होते.

आता जे घडले ते तुमच्या कानावर दुसरीकडून येण्याआधी मीच सांगते. आषाढी एकादशीला कमलाबाईंचे भजनी मंडळ आमच्याकडे होते. त्या दिवशीचा क्रमांक एकविसावा. वेष्टनावर नुसता एक चकाकता गोल, लेखन काही नाही. मी म्हटले, भजनाआधी एक बाजू उरकू, कार्याचे आहे, तुम्हीही बसा. लावली आणि एक पुरुष गाऊ लागला. भाऊजी, असा आवाज मी ऐकला नव्हता. जड, खोल, एकेक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा वर येणारा. मागे ढोल, तोही पाय ओढत चाललेला. भाषा कळण्याचे कारण नव्हते. या माणसाची बायको गेली आहे, हे मात्र आम्हा नऊजणींना एकदम कळले. गोपिकाबाईंनी पदर डोळ्याला लावला. मी यांच्यासारखी वहीत गुण देते. त्यात वीसपैकी एकोणीस लिहिले (हे स्वतः सोळाच्या वर जात नसत). तेवढ्यात ताराचंद आपला स्क्रू काढायचा पेचकस विसरला होता तो न्यायला आला. दारात उभा राहून त्याने थोडे ऐकले, चप्पल काढली, आत आला, आणि यंत्राची एक खुंटी फिरवली. तो दुःखी पुरुष एका क्षणात विशीची पोरगी झाला आणि उड्या मारू लागला.

"वहिनी, हे डिस्को हाय," ताराचंद म्हणाला. "तुमी हळू लावून राह्यल्या."

काही रेकॉर्डी जास्त वेगाने फिरवायच्या असतात आणि मधल्या गोल कागदावर तो आकडा छापलेला असतो, हे मला त्या दिवशी कळले. मी अक्षर न् अक्षर वाचले होते, आकडे वाचले नव्हते. घरात आकडे यांच्याकडे होते. कमलाबाईंनी ताराचंदला विचारले, "मंग आमी रडलो काऊन?"

"हळू लावलं तं लग्नाचा बँडबी रडवते, काकू," तो म्हणाला आणि पेचकस घेऊन गेला.

ती मला पुन्हा ऐकावी लागली, योग्य वेगाने, कारण चुकीची धरता येत नाही. गुण अकरा दिले. कमलाबाईंचा पाय मात्र त्या दिवशी लुगड्याखाली हलत होता, हे मी पाहिले आहे. पुढच्या एकादशीला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "बाई, ते हळूवालंच लावजो." लावले. आता मंडळात ते नेमाने होते, आणि हळू वेगाचे गुण मी खोडलेले नाहीत.

सिनेमाच्या रेकॉर्डी शेवटी होत्या. मला वाटले, हे तरी ओळखीचे. पण त्यांत गाणी नाहीत. नुसते मागे वाजते ते संगीत. पाठलाग, पाऊस, विश्वासघात, चित्राशिवाय. मेथी निवडताना खलनायक येतो आहे असे वाजू लागले आणि नेमका सिलिंडरवाला आला. त्याच्याकडे मी असे पाहिले की तो सिलिंडर ओट्याजवळ ठेवून, न सांगता गळती तपासून गेला. एका रेकॉर्डीतला सिनेमा आम्ही लग्नानंतर वर्ध्यात पाहिला होता. मला त्यातली नायिकेची साडी आठवत होती, यांना हे संगीत. अडतीस वर्षे हे बाहेरच्या खोलीतून म्हणत, "ऐक, आता येते." मी आतून म्हणत असे, ऐकते आहे. ऐकत नसे, कणीक मळत असे. आता मी ऐकते, पण कधी येते ते सांगायला कोणी नाही, म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळेच लक्ष देऊन ऐकावे लागते. फार वेळ जातो.

असो. छत्तीस झाल्या. सदतिसावी उद्या आंघोळ झाल्यावर ऐकीन. तिथी पुढच्या गुरुवारी आहे. तुम्ही दोघे बुधवारी मुक्कामाला या, निशांतची मोठी गाडी घेऊन या, आणि जाताना यंत्र, कपाट आणि सगळ्या रेकॉर्डी घेऊन जा. मला त्या जागी पुस्तकांची मांडणी लावायची आहे. एक वर्ष मी या घरात भोंगे, ढोल आणि खलनायक सोसले. आता शांतता हवी. ज्याने शब्द दिला त्याच्या घरी हे सामान शोभेल. सौ. चारुताला अनेक आशीर्वाद, गुडघ्याला तिळाचे तेल.

तुमची वहिनी,
सुलोचना

ता. क. मोठी गाडी आणू नका. निशांतला उगीच त्रास. कपाट दारातून निघत नाही. हे मी आज दुपारी मापून पाहिले. (यंत्र निघते, पण कपाटाशिवाय ते ठेवणार कशावर?)

ता. क. २. उद्या सदतिसावी ऐकीन असे वर लिहिले ते खरे नाही. छत्तिसावी श्रावणातच झाली. तेव्हापासून मी ऐकलेल्याच पुन्हा लावते, आणि कमलाबाईंना वाटते कार्य चालू आहे. सदतिसाव्या रेकॉर्डीचे प्लॅस्टिक मी दोनदा नखाने धरले आणि सोडले. ती कसली आहे ते मला सांगता येणार नाही. नाव वाचले तर ऐकावीशी वाटेल. गुरुजी म्हणतात, शेवटची झाली की हे मोकळे. मी त्यांना विचारले, मोकळे म्हणजे कुठे? ते म्हणाले, पुढे.

ता. क. ३. गुरुवारी गुरुजी विचारतील, तेव्हा शेवटची ऐकून झालेली असायला हवी, आणि ती मी बुधवारी तुमच्यासमोर ऐकीन. शब्द मोडल्याचे पाप तुमच्या माथी नको. पण त्याआधी एक करा. हल्ली काय काय पुन्हा निघते आहे ते पाहा आणि एक रेकॉर्ड दादांच्या नावाने, याच पत्त्यावर मागवा. बाजा कोणताही चालेल. यांच्या नावाने आली की यांचीच झाली, आणि तुमच्या शब्दातल्या "सगळ्या"मध्ये ती आलीच. ती झाली की दुसरी. यांना थोडे थांबावे लागेल, पण रेकॉर्डीची बाजू संपेपर्यंत मीही पान वाढून अडतीस वर्षे थांबले आहे. कावळ्यासमोर शब्द तुम्ही दिला होता, मी नाही. तेव्हा तो पुरा न होऊ देण्याची जबाबदारीही तुमचीच.