सेगेडची मिरची आणि निम्मी चटणी

रविवार, मे महिना. संध्याकाळ.

डोकं अजून तापलंय. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून घरच्याच मिरची कांडपावर बसतोय, आणि आज तिथं शाळेपासूनची मैत्रीण अस्मिता आली. डॉक्टर व्हायला हंगेरीला चाललीय. वर्षाची चटणी कुटून पाहिजे म्हणाली.

"बुडापेस्टला?" मी विचारलं. तेवढंच एक नाव ठाऊक, नदीच्या दोन्ही काठांवरचं, गरम पाण्याच्या कुंडांचं.

"न्हाय रे. त्यांचं दोन नंबरचं मोठं शहर देब्रेत्सेन, तिथं मोठं विद्यापीठ हाय. मी तीन नंबरच्या सेगेडला."

सेगेड मिरचीसाठी प्रसिद्ध म्हणे. एकदा पुरानं जवळजवळ अख्खं धुऊन नेलेलं, तरी लोकांनी आणखी देखणं उभं केलं. पंचगंगेचा पूर बघितलेली माणसं आपण. त्या लोकांना मनातनं मुजराच घातला.

तेवढ्यात ती म्हणाली, "निम्मीच बांध." सटकलीच माझी.

"का? तिथली मिरची गोड लागणार व्हय आता?"

"येड्या, निम्मी तुझ्याकडं ठेव. न्यायला येतो की मी."

खरंच येईल? सेगेड भारीच असणार. निम्मी चटणी बरणीत दाबून भरलीय. वर हिंगाचे खडे ठेवलेत. टिकली पाहिजे.