चेंगची बायको आणि हर्णैचा मचवा

खैतान, कुवेत
१२ मार्च १९८२

ती. ताईस,
नर्मदेचा शि. सा. न. वि. वि.

इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, वाढवून मिळाला, त्यामुळे मी इस्पितळाच्या याच वॉर्डात नर्स म्हणून आहे. तुझे दीर शरदराव भावोजींचा मासेमारीचा मचवा विकायला निघालेत हे वाचून संताप आला. भावोजींना जाऊन चार महिने झाले, आणि तुला विचारलंही नाही?

आमच्याकडे एक चिनी आजोबा दाखल आहेत, जहाजावरचे स्वयंपाकी. पाय मोडलाय. मुंबई बंदरात शिकलेल्या मोडक्या हिंदीत गोष्टी सांगतात. पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्यांच्या दर्यावर चाच्यांचा एक म्होरक्या होता. तो मेला आणि शेकडो गलबतं त्याच्या बायकोनं आपल्या हुकमाखाली घेतली. तिच्या माणसांनी गावकऱ्यांचं लुबाडलं किंवा बंदीतल्या बाईवर जबरदस्ती केली, तर गर्दन उडालीच! बादशहाचं आरमारही तिच्यापुढे थकलं. तिचं नाव विचारलं तर म्हणाले, चेंगची बायको, एवढंच.

मला तूच आठवलीस. तुलाही सगळं बंदर जगन्नाथची बायको म्हणूनच ओळखतं. फक्त लूटमार करू नकोस हं.

लोभ आहेच, तो वाढता राहो.
तुझी,
नर्मदा

हर्णै
२ एप्रिल १९८२

चि. नर्मदेस,
अ. उ. आ.

तुझी चिनी बाई मी आपला मचवा हाकणाऱ्या तांडेलाला, कमालला वाचून दाखवली. तो म्हणाला, वहिनी, हुकूम तुम्ही द्या, दर्या आम्ही बघतो. खलाशीही तयार आहेत. पण शरदभावजींनी गिऱ्हाईक आणलंय. बाईमाणसाचं कोण ऐकणार, म्हणतात. मला भांडायचं नाही गं, त्याच घराशेजारी आयुष्य काढायचंय.

त्या बाईचं शेवटी काय झालं? फाशी दिली असेल तर कळवू नकोस.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच.
तुझी,
ताई

खैतान
२१ एप्रिल १९८२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आजोबांना परवा इस्पितळातून सोडलं, त्याआधी विचारून घेतलं. फाशी नाही! सरकारशी बोलणी अडली, तेव्हा ती हत्यार न घेता, फक्त बायापोरं घेऊन थेट सुभेदाराकडे गेली. माफी मिळवली, आपलं ते राखलं, आणि म्हातारी होऊन घरच्या अंथरुणात मेली. आजोबांच्या आईला लढायांपेक्षा हाच भाग आवडायचा म्हणे.

आमच्या इस्पितळातला कोकणी ड्रायव्हर अशरफ उद्या रत्नागिरीला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र आणि खजूर देतेय. रागावू नकोस, पण गप्पही बसू नकोस.

आशीर्वाद असू द्यावा.
तुझी,
नर्मदा

हर्णै
३० ऑगस्ट १९८२

चि. नर्मदेस,
अ. उ. आ.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण मचवा दर्यात गेल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. गेला गं!

मे महिन्यात खलाशांच्या सात बायका, त्यांची पोरं, कडेवर तान्हं घेतलेली कमालची झुलेखा, अशा आम्ही शरदभावजींच्या ओटीवर जाऊन बसलो. मी आवाज चढवला नाही. मचवा विकायचा तर या घरांनी काय करायचं ते यांनाच सांगा, एवढंच म्हटलं. पोरं त्यांच्या कैऱ्यांवर तुटून पडली होती. मग जाऊबाई भावजींकडे न बघता आमच्यासाठी चहा ठेवायला उठल्या, तेव्हाच मी ओळखलं, काम झालं. गिऱ्हाईक तसंच परत गेलं.

नारळी पौर्णिमेला नारळ मी सोडला. कमालनं शीड उभं केलं तेव्हा मात्र रडले. बंदरावर कुणाच्या लेकीसुनेची छेड काढणारा मचव्यावर चढणार नाही, हा पहिला नियम. सुरमई बरी मिळतेय.

आणि परवा शरदभावजी धक्क्यावर आले. उगाच दोर चाचपत उभे राहिले, मग खाली मान घालून म्हणाले, वहिनी, माझ्या होडीचंही तुम्हीच बघाल का? विचार करून सांगते, म्हटलं.

विचार केव्हाच झालाय. दोन दिवस थांबू दे त्यांना.

अशीच लिहीत राहा, म्हणजे मला बळ येतं.
तुझी,
विजया