डावी जास्त, उजवी कमी

४ जानेवारी, रवि.
नांदेडच्या माणसाचा पुन्हा फोन. जुन्या मोटारसायकली जमवतो. ह्यांची गाडी बघायला १८ ला, रविवारी अकराला येतो म्हणाला. दोन्ही सिलिंडर एका तालात चालले तर अख्खी घेईन, नाहीतर सुटे भाग म्हणून. इंजिन वेगळं, टाकी वेगळी.
दवाखान्यात शेवटी हे एवढंच बोलले होते, गाडी कुणालाही दे पण खोलून देऊ नको. बाकी काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
पूनमला फोनवर सांगितलं. म्हणाली, आई, देऊन टाक एकदाची. तिचं बरोबर आहे. मला काही चालवता येत नाही. पण खोलून, म्हणजे

५ जाने.
स्टँडजवळच्या गॅरेजचा संतोष आला. तिसरीला माझ्या वर्गात होता, अजून बाईच म्हणतो. पाच महिन्यांनी ताडपत्री काढली. टाकीत जुनं पेट्रोल तसंच, आंबूस वास. खूप किका मारल्यावर उजवं सिलिंडर बोललं. डावं गप्प.
"दोन सिलिंडरला दोन कारबुरेटर म्हणजे दोन सवती बगा बाई. एक रुसली की दुसरीवर सगळा लोड."
चहाला सवयीनं दोन कपांचं आधण ठेवलं होतं. आज दोन्ही लागले.

८ जाने.
पडवीत पेपर पसरून दोन्ही कार्बोरेटर खोलले. डाव्यात जेट म्हणून पितळेचा बारीक तुकडा असतो, त्यातून पेट्रोल जातं. त्याचं भोक चिकट मळानं बंद. सं. ने लोखंडी तार घातली, भोकच मोठं झालं. "माझ्यानं मिस्टेक झाली बाई." नवं आणावं लागेल. त्याला गॅरेज सोडता येत नाही, मी जाते म्हटलं.

१० जाने.
परभणी. बसमध्ये जेट रुमालात बांधून हातात. पहिल्या दुकानात नाही. दुसऱ्यात म्हातारा दुकानदार, चष्म्याला लावून बघत म्हणाला, "ही गाडी हाय का जित्ती अजून? कोण चालवतंय?"
कुणी नाही, म्हटलं.
त्यानं नवं जेट खालच्या खणातून काढून दिलं.
येताना चुडाव्यावरून येणारी बस मिळाली. हे पंचवीस वर्षं तिथल्या रेल्वे स्टेशनवर ड्यूटीला ह्याच रस्त्यानं गाडीवर जायचे. खिडकीकडे बसले नाही.

१२ जाने.
नवं जेट बसवलं. दोन्ही सिलिंडर चालू झाले. पण गाडी लंगडते. आवाज पुढे जातो, अडखळतो, पुन्हा पुढे. सं. दोन तास स्क्रू फिरवत होता. एकदा डावं पळतं, एकदा उजवं.

१३ जाने.
ह्यांच्या पान्यांच्या पेटीच्या झाकणावर आतून पांढऱ्या रंगानं आकडे लिहिलेले सापडले. वर्षावर्षाला एक ओळ. शेवटची अशी:
डा. १। उ. १॥। मं. ठीक
सं. वाचत होता. "डावा अकरा? अकरा फेरे सोडला तर स्क्रू हातात यील की बाई."
सव्वा आहे तो, म्हटलं. आणि उजवा पावणेदोन. हवेचा स्क्रू पूर्ण आवळून मग एवढे फेरे सोडायचा.
"तुमी शिकवलं असंल. मीच खिडकीभाईर बघत असंल." मग म्हणाला, "पण दोन्ही येगळे कसे? सारखं चालायला सारखंच सोडावं लागंल न्हाई का? काकाचं चुकलं असंल."
चुकत नव्हते ते, म्हटलं.
"आन् हे मं.? काका दरसाली मंगळवारीच काम करायचे का काय."
मी चहा ठेवायला आत गेले.
माझं नाव मंगल. ह्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. अगं, नाहीतर पूनमची आई. एकोणीस ओळी आहेत, सगळ्या मोजल्या. एकोणीस वेळा लिहिलंय.

१४ जाने.
संक्रांत. वाण घेऊन बायका दारावरून गेल्या. शेजारची सुमन तिळगूळ देऊन गेली. कुंकवाचा करंडा पदराखाली धरला होता. बिचारीला उगाच अवघडल्यासारखं झालं. मी तिळगूळ घेतला, बस म्हटलं नाही.

१६ जाने.
झाकणावरच्या आकड्यांवर लावून बघितलं. तरी लंगडतेच. जेट नवं आहे, जुने आकडे आता त्याला लागू नाहीत.
मग सं. ला सांगितलं, दरवर्षी दिवाळीआधी हे हाक मारायचे, अगं, हात धर. मी कणकेचे हात धुऊन यायची. मागे बसून दोन सायलेन्सरपाशी दोन तळहात धरायचे. कुठून धक्का जोरात येतो ते सांगायचं. डावी जास्त. आता उजवी. हे पुढे स्क्रू फिरवायचे. मी ठीक म्हटलं की बंद. 'हात धर' हे शब्द ते आयुष्यभर एवढ्याच कामाला बोलले.
"मग इतके दिवस का बोलल्या न्हाई बाई?"
ते काम ह्यांचं आहे असंच वाटायचं.
अंधार पडला होता, उद्या करू म्हणाला.

१७ जाने.
पाट घेऊन मागे बसले. सं. पुढे.
डावी जास्त. "आता?" अजून डावी. "आता?" उजवी थोडी.
मग एका क्षणी दोन्ही तळहातांवर एकच धक्का. एकदम, पुन्हा एकदम. आवाजही एक.
"बराबर का बाई?"
उजवी अजून जास्त आहे, म्हटलं.
खोटं. का बोलले ठाऊक नाही. त्यानं स्क्रू फिरवला, ताल गेला. पुन्हा जमेचना. पाचला त्याला घरी जायचं होतं, उद्या पाव्हण्यात लग्न आहे. जाताना म्हणाला, "बाई, मघाशी जमल्यावानी वाटलं होतं मला."
पाट उचलून ठेवला.
उद्या लंगडताना बघितली तर तो माणूस खोलून नेईल. माझ्या एका शब्दामुळे.

१८ जाने., रवि.
सं. ला सकाळीच फोन केला, फक्त चालू करून दे. लग्नाला जाता जाता आला. नवे कपडे, पँट वर धरून किक मारली. "बंद पडली तर माज्यानं यायचं न्हाई बरं का." गेला.
बाजूला बसून स्क्रू थोडा फिरवायचा, उठून मागे जायचं, हात धरायचे. डावी जास्त. पुन्हा पुढे. गुडघे दुखतात. कितीदा उठले बसले मोजलं नाही. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा तेच आधी उलटं करत होते.
आता दोन्ही सारख्या आहेत. तीनदा बघितलं.
इंजिन तापलंय, बंद करायला हवी. पण एकदा बंद केली तर पुन्हा किक माझ्यानं बसायची नाही. पडवीच्या पायरीवर बसून लिहितेय. हाताला तेलाचा वास आहे, वहीला लागतोय. अकराला पाच कमी. फाटकाशी हॉर्न वाजतोय, मघापासून वाजत असेल, गाडीच्या आवाजात कळलं नाही. आधी ही बंद करून मग फाटक उघडावं, की चालूच ठेवून